साबण, लिपबाम, उटण्यात घरचा रंग घालायचाय? आधी हे वाचा (करडई, हळद, रतनजोत आणि बाकीची मंडळी)

आधी वस्तू ठरवा, मग रंग. सगळे नेमकं उलटं करायलेत. घरात बीट दिसलं, दारात जास्वंद फुलली की चला लिपबाम बनवू, आणि मग बाम गोठल्यावर बघावं तर तळाला लाल गाळ अन् वर नुसतं पिवळं मेण. यात हाताचा दोष नसतो हो, बीटचा रंग पाण्यात विरघळणारा आहे आणि लिपबाममध्ये पाण्याचा थेंब नसतो, मग तो रंग जाणार कुठं? व्हिडिओत छान गुलाबी दिसतो ते ताजं ताजं ढवळलेलं असतं म्हणून, दोन दिवसांनी तीच डबी कुणी दाखवत नाही.

तर रंगांचे मोटामोटी तीन गट धरा. तेलात उतरणारे म्हणजे रतनजोत (लाल रंग देणारी मुळं), हळद, शेंद्रीच्या (ॲनाटो) बिया, थोडंफार गाजर. पाण्यात उतरणारे म्हणजे बीट, जास्वंद, गोकर्ण, लाल अंबाडीची बोंडं, पळसाची फुलं. आणि तिसरे कशातच न विरघळणारे, नुसते बारीक होऊन पसरणारे, म्हणजे मुलतानी माती, पांढरी चिकणमाती, ॲक्टिव्हेटेड कोळसा, नीळ. बाम आणि बॉडी बटरला पहिला गट, टोनर-जेलला दुसरा, साबणाला मुख्यतः तिसरा आणि पहिल्यातले एकदोन. क्रीममध्ये तेल पण असतं पाणी पण असतं, त्यामुळे तिथं दोन्ही चालतात पण टिकवायची भानगड जास्त, ते पुढं सांगते.

दुसरी गोष्ट पीएच, म्हणजे वस्तू आंबट आहे की खाराची ते सांगणारा आकडा (७ मधला, त्याखाली आंबट, वर खार). नाव ऐकून घाबरू नका, ही गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या घरी घडलेली आहे. पांढऱ्या शर्टावर वरणाचा पिवळा डाग पडतो, आपण त्याला साबण लावतो आणि डाग एकदम लालभडक होतो, आई म्हणते अगं घाबरू नको उन्हात टाक, आणि संध्याकाळपर्यंत डाग गायब. हळदीचं सगळं शास्त्र ह्या एका शर्टात आलं बघा. हळदीतला कुरकुमीन नावाचा रंग खाराला लागला की लाल होतो (जुन्या पद्धतीचं हळदीचं कुंकू ह्याच गुणावर बनायचं) आणि उन्हात उडून जातो. म्हणजे साबणात हळद टाकली तर पिवळा साबण मिळणार नाही, केशरी-तांबूस मिळणार, कारण साबण खारयुक्त असतो, पीएच ९-१० च्या आसपास. आणि हळदीचं क्रीम पारदर्शक बाटलीत भरून खिडकीत ठेवलं तर महिन्याभरात फिक्कं पडणार. पीएच पट्ट्यांचं एक छोटं पाकीट घेऊन ठेवाच, ऑनलाइन मिळतं, लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात पण मिळतं.

हळद

आता हळदीचंच आधी उरकू. हिंगोली, वसमत, नांदेड ह्या पट्ट्यात राहणाऱ्याला हळद कुठून आणायची हे सांगायची गरज नाही, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन पण मिळालंय. पण घरी हळद पिकते म्हणून तीच तोंडाला, असं करू नका, कारण कुठली हळद यापेक्षा ती कशी तयार झाली हे महत्त्वाचं. हळकुंडं शिजवून वाळवल्यावर ढोलात फिरवून पॉलिश करतात, आणि काही ठिकाणी त्या वेळेला बाहेरून पिवळा रंग चढवतात. सुट्या पावडरमध्ये तर काहीही असू शकतं, मेटॅनिल यलो नावाचा रंग आणि शिश्याचं लेड क्रोमेट या दोन्हींची भेसळ हळदीत सापडलेली आहे. म्हणून अख्खं हळकुंड घ्या, मोडून बघा, आतून गर्द केशरी पाहिजे, बाहेर चकचकीत पिवळं अन् आत फिकट असलं तर संशय घ्या, आणि मिक्सरला किंवा ओळखीच्या चक्कीवर दळून वस्त्रगाळ करा. पावडरच विकत घेतली असली तर ग्लासभर पाण्यात चमचाभर सोडा आणि ढवळू नका. चांगली हळद खाली बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. भेसळीची खाली जाता जाता गडद पिवळे ओघळ सोडते. लेड क्रोमेट मात्र एवढ्यावर हमखास पकडलं जात नाही, त्याला लॅबच लागते, म्हणून परत तेच, हळकुंड घ्या.

वापरायची पद्धत: १०० ग्रॅम तिळाच्या तेलात २ चमचे हळद, काचेच्या कोरड्या बरणीत, बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात तासभर, मग दोन दिवस तसंच ठेवून वरचं तेल मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं. हे पिवळं तेल क्रीममध्ये किंवा बॉडी बटरमध्ये एकूण तेलाच्या दहाव्या हिश्श्याएवढंच टाका. जास्त टाकलं की तोंड पिवळं, उशी पिवळी, टॉवेल पिवळा, आणि नवऱ्याचा शर्ट तर विचारूच नका. लिपबाममध्ये हळद नकोच, ओठ पिवळे दिसतात, कावीळ झाल्यासारखं वाटतं. आणि हो, रंगासाठी टाकलेल्या एवढ्याशा हळदीनं गोरेपण येतं वगैरे काही नाही. पी हळद हो गोरी, ही म्हण आपल्याच लोकांनी केलीय, टिंगल म्हणून केलीय.

रतनजोत आणि लिपबाम

घरी लाल लिपबाम करायचा असेल तर खरा कामाचा रंग हा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, जांभळट-काळसर सालपटं सुटलेली मुळं असतात, हातात धरली की बोटं जांभळी होतात. स्वयंपाकात रोगन जोशला लाल रंग येतो तो पारंपरिक पद्धतीत ह्याच्यामुळे. खरं रतनजोत ओळखायची सोपी खूण म्हणजे एक तुकडा साध्या पाण्यात टाका, एक तेलात टाका. तेल हळूहळू लाल व्हायला लागतं, पाण्याला जवळपास काहीच होत नाही. पाणीच टाकल्या टाकल्या लाल झालं तर मुळं रंगवलेली आहेत, परत करून या.

५ ग्रॅम मुळं हातानं मोडून (मिक्सरला लावू नका, बारीक चुरा मग गाळता गाळत नाही) १०० ग्रॅम तेलात घाला. तेल करडीचं घेतलं तर हलकं बसतं पण ते लवकर खवट होतं, तिळाचं जास्त टिकतं, मी अर्धं अर्धं घेते. घाण्याचं तेल असलं तर खाली साका बसलेला घेऊ नका. बरणी एकदम कोरडी पाहिजे, पाण्याचा अंश राहिला की बुरशी. पातेल्याच्या तळाला फडकं अंथरून त्यावर बरणी, पाणी नुसतं थरथरेल एवढ्या मंद आचेवर एक तास. उकळी फुटू द्यायची नाही. थंड झाल्यावर गाळून गडद रंगाच्या बाटलीत. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून बघा, माणकासारखा लाल दिसला की झालं.

मग ३० ग्रॅम बामचं माप असं:

हे रतनजोताचं तेल १५ ग्रॅम
मधमाशीचं मेण ९ ग्रॅम
कोकम बटर ६ ग्रॅम
व्हिटॅमिन ई चे दोन-तीन थेंब

बऱ्याच पुस्तकी रेसिप्यांत मेण यापेक्षा कमी सांगितलेलं असतं, पण त्या रेसिप्या करणाऱ्यांनी परभणी-नांदेडचा मे महिना बघितलेला नसतो. ४३-४४ अंशात पर्समधला बाम तेल होऊन बाहेर येतो, म्हणून मेण ३० टक्के. हिवाळ्यात करत असाल तर मेण ७ आणि तेल १७ करा, नाहीतर ओठावर मेणबत्ती घासल्यासारखं होतं. खोबरेल तेल यात टाळलेलंच बरं, २४-२५ अंशालाच पातळ होतं ते. आधी मेण वितळवा, ते ६२-६४ अंशाला वितळतं, त्यात बटर, मग तेल, खाली उतरवून व्हिटॅमिन ई आणि लगेच डब्यांत. वजन सोनाराकडं असतो तसल्या छोट्या काट्यावर करा, चमच्याच्या मापानं मेणाचा अंदाज हमखास चुकतो.

रंग कसा येतो तर पारदर्शक, ओठाचाच रंग थोडा खुलवल्यासारखा. लिपस्टिकसारखा झाकणारा गडद रंग यातून येणार नाही, तो पाहिजे असेल तर कॉस्मेटिक ग्रेडचं आयर्न ऑक्साइड घालावं लागतं आणि ते घालायला काही हरकत पण नाही. भांडी आधी टिश्यूनं पुसून मगच साबणानं धुवा, कारण रतनजोत साबणाला लागला की निळा-जांभळा होतो आणि सिंकमध्ये कुणीतरी शाई सांडल्यासारखं दिसतं.

एक सावधगिरी. रतनजोत ज्या कुळातलं आहे त्या कुळातल्या मुळांत लिव्हरला न मानवणारे घटक असू शकतात, आणि लिपबाम म्हटलं की थोडा पोटात जाणारच. म्हणून ५ ग्रॅमचं २० ग्रॅम करू नका, आणि गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया, लहान लेकरं यांच्यासाठी हा बाम करूच नका. त्यांना बिनरंगी द्या. ओठ फुटून रक्त येत असेल तेव्हा पण बिनरंगीच.

करडई, आपल्या बांधावरचा लाल

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. देशात करडई होते ती मुख्यतः महाराष्ट्र आणि कर्नाटकात, आणि महाराष्ट्रात आपल्या मराठवाड्यात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं तर परभणी कुसुम नावाचा वाणच काढलेला आहे. आपल्याला करडईचं काय माहिती तर तेल, कोवळ्या पानांची भाजी, आणि ज्वारीच्या कडेनं चार तासं (ओळी) काट्याची करडी पेरली की जनावर आत शिरत नाही. पाकळ्या वाऱ्यावर जातात. आणि तिकडं जपानात ह्याच पाकळ्यांपासून ओठाला लावायचा लाल रंग काढतात, बेनी म्हणतात त्याला, एदो काळात (१६०३ ते १८६८) तिथल्या बायका वापरायच्या, चिनी मातीच्या छोट्या वाटीला आतून लेप दिलेला असतो, ओल्या ब्रशनं थोडा घ्यायचा अन् ओठाला लावायचा. वाळलेला जाड थर चक्क हिरवा चमकतो, पाणी लागलं की लाल. आपल्याकडं पण कुसुंबी लुगडी रंगायची ती ह्याच फुलानं.

पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर, तो थंड पाण्यात सहज निघतो. लाल अगदी थोडा, वजनाच्या एक टक्क्यापेक्षाही कमी, आणि तो साध्या पाण्यात निघत नाही, खारात निघतो, त्याचं नाव कार्थमिन. सगळी युक्ती एवढीच की पिवळा आधी हाकलून द्यायचा, मग लाल खारात सोडवायचा आणि आंबट घालून परत धरायचा.

पाकळ्या कधी तोडायच्या: फूल उमललं की पिवळं असतं, मावळायला लागलं की केशरी-लाल होतं, तेव्हा. त्या वेळेपर्यंत दाणा धरलेला असतो त्यामुळे शेतकऱ्याचं नुकसान काही नाही, पण विचारून तोडा बाबांनो, कुणाच्या रानात तसंच घुसू नका. हंगाम डिसेंबर-जानेवारी धरा, पेरणीवर आहे. सकाळी दवात काटे मऊ असतात तेव्हा जायचं, दहा वाजले की ती करडी तुम्हाला हात लावू देत नाही. बिनकाट्याचे वाण पण आहेत, तसलं रान सापडलं तर नशीबच. आणि सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं ते फवारणीचं. करडईवर मावा (कीड) जोरात पडतो, नेमका फुलाच्या आगेमागे, आणि त्यावर फवारे मारलेले असतात. फवारलेल्या रानातल्या पाकळ्या ओठाच्या रंगाला चालणार नाहीत, ते तुम्ही कितीही धुवा. तोडलेल्या पाकळ्या सावलीत, कापडावर, पातळ पसरून वाळवा.

५० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या घ्या, मलमलच्या पुरचुंडीत सैल बांधा आणि थंड पाण्यात भिजवा. तासाभरानं पुरचुंडी पाण्यातच मळा, पिवळंधम्मक पाणी निघेल, ते काढून नवीन पाणी. असं करत राहायचं, रात्रभर भिजवून सकाळी परत, पाणी जवळपास नितळ निघेपर्यंत. कंटाळा इथंच येतो आणि लोक इथंच घाई करतात, मग शेवटी रंग लाल न येता विटकरी येतो. निघालेलं पिवळं पाणी फेकू नका, सुती रुमाल रंगवा नाहीतर आंघोळीच्या बादलीत घाला.

मग स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात एक लिटर थंड पाणी आणि एक सपाट चमचा धुण्याचा सोडा. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) भांडं नको, सोडा त्याला खातो. हातमोजे घाला. धुतलेल्या पाकळ्या यात अर्धा-पाऊण तास, अधूनमधून दाबत राहायचं. पाणी गरम करायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, रात्रभर विसरायचं तर अजिबात नाही कारण कार्थमिन खारात फार वेळ राहिला की मोडतो. पाणी तपकिरी-लाल, काहीतरी काढ्यासारखं दिसतं, बघून वाटतं वाया गेलं सगळं. गेलेलं नसतं. गाळून मोठ्या भांड्यात घ्या, मोठ्या एवढ्यासाठी की आता फसफसणार आहे. लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) पाण्यात विरघळवून थोडं थोडं ओतत जा, फेस येत राहील, आणि पीएच पट्टी ६ च्या आसपास आली की बघता बघता काढ्याचं ते पाणी लालचुटूक होतं. आमच्या शेजारच्या काकू पहिल्यांदा बघताना म्हणाल्या, अगं हे तर माणसाचं रक्त दिसायलंय, जरा झाकून ठेव.

आता पांढऱ्या सुती कापडाचा धुतलेला तुकडा यात बुडवून दोन-तीन तास ठेवा. कार्थमिन सुताला धरतो, उरलासुरला पिवळा पाण्यात राहतो. कापड गुलाबी होतं, ते थंड पाण्यात खळबळून घ्या, आणि मग एकदम थोड्या, १०० मिलिलिटर पाण्यात पाव चमचा तोच धुण्याचा सोडा टाकून त्यात ते कापड दाबा, रंग सुटून पाण्यात येतो. कापड पिळून बाहेर, पाण्यात परत लिंबूसत्व. ह्या वेळी लाल रंगाचे अगदी बारीक कण तयार होतात. भांडं झाकून रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी वरचं पाणी हळूच काढून टाका, खालचा गाळ कॉफी फिल्टरमध्ये ओता, वरून दोनदा थंड पाणी घालून धुवा म्हणजे सोड्या-लिंबाचं मीठ निघून जातं. राहिलेली लाल पेस्ट चिनी मातीच्या छोट्या वाटीला आतून लावून सावलीत वाळवा, झाकण लावून अंधारात ठेवा.

एवढ्या सगळ्या उठाठेवीनंतर हातात येतं किती, तर बोटाच्या टोकावर मावेल एवढं. ते माहिती असूनच करायचं. हा रंग तेलात विरघळत नाही म्हणून बाममध्ये घालू नका, ओल्या ब्रशनंच लावा, वरून पाहिजे तर बिनरंगी बाम. गव्हाळ-सावळ्या रंगावर तो जो दिसतो ना, बाजारातल्या गुलाबी लिपस्टिका फिक्या पडतात, हे माझं प्रामाणिक मत आहे.

(पाकळ्या वाळवून उरल्या तर कुणाला केशर म्हणून देऊ नका म्हणजे झालं. नकली केशर म्हणून करडईच्याच पाकळ्या खपवतात.)

साबण

साबणाचं थोडक्यात. कॉस्टिक सोडा घेऊन पहिल्यापासून साबण करणं हा वेगळा विषय आहे, तो शिकून करा, एवढंच सांगते की कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, आणि घरात लेकरं फिरत असताना तर करायचंच नाही. रंगाचा खेळ शिकायला तयार साबण बेस वितळवून ओतणं बरं. ५०० ग्रॅम बेसला पाव चमचा हळद आधी चमचाभर ग्लिसरीनमध्ये घोटून मग टाका, नाहीतर ठिपके ठिपके दिसतात. रतनजोताच्या तेलानं जांभळट-राखी छटा येते, शेंद्रीनं सुंदर केशरी, नीळ चिमटीभर टाकली तर निळा. नीळ म्हणजे झाडाची, केसांना मेंदीसोबत लावतात ती, कपड्याची नव्हे. कोळसा ॲक्टिव्हेटेडच, चुलीतला नको. पालक-कडुलिंबाचा हिरवा आठ-पंधरा दिवसांत मातकट होतो, बीट तपकिरी होतं, गोकर्ण टाकली तर निळा राहतच नाही. त्यामुळे ह्या तिघांवर पैसे घालवू नका. आणि रंग एवढाच घाला की फेस पांढरा राहील, फेस रंगीत यायला लागला की टॉवेलही रंगणार.

पळस, गोकर्ण, जास्वंद

किनवट-माहूरकडं होळीच्या आगेमागे रस्त्यानं जाताना पळस पेटलेला दिसतो. ती फुलं वाळवून ठेवा, आदल्या रात्री भिजत घातली की सकाळी केशरी-पिवळं पाणी मिळतं, उटणं किंवा मुलतानी माती कालवायला एकदम मस्त. गोकर्ण-जास्वंद-अंबाडीचं पाणी आंबट-खारानं रंग बदलतं, गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबूसत्वाचा कण टाकला की जांभळं, लेकरांना दाखवायला छान. पण ही सगळी पाण्याची कामं आहेत आणि पाणी म्हटलं की बुरशी, बॅक्टेरिया. ज्या दिवशी केलं त्या दिवशी वापरा, फार तर फ्रीजमध्ये दोन दिवस. टोनर किंवा क्रीम महिनाभर टिकवायचं असेल तर प्रिझर्वेटिव्ह लागतोच, उदाहरणार्थ फिनॉक्सीइथेनॉल एकूण वजनाच्या १ टक्क्यापर्यंत, आणि त्याला केमिकल केमिकल म्हणून नाकं मुरडू नका, बुरशी आलेलं नैसर्गिक क्रीम तोंडाला लावण्यापेक्षा ते कधीही चांगलं. व्हिटॅमिन ई हा प्रिझर्वेटिव्ह नाही, तो फक्त तेल खवट होऊ देत नाही.

हे घालायचं नाही

शेंदूर. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिश्याचं संयुग, ओठाच्या आसपास सुद्धा नको. बाजारचं कुंकू नको, त्यात रासायनिक रंग असतात, कपाळाला खाज सुटून काळा चट्टा पडलेल्या बाया प्रत्येक गावात आहेत. रंगपंचमीचे रंग नको, जिलेबीचा रंग नको. गेरूचं लोकांना पटत नाही, मातीच ना ती, मग काय झालं म्हणतात. तर जमिनीतून काढलेल्या गेरूत लोहासोबत शिसं, आर्सेनिक पण असू शकतं, म्हणूनच कॉस्मेटिकमधलं आयर्न ऑक्साइड कारखान्यात शुद्ध बनवतात. कुंडी रंगवा, तुळशीवृंदावन सारवा, तोंडाला नको. काळी मेंदी तर नकोच नको, मेंदीचा रंग नारिंगी-तपकिरीच असतो, अर्ध्या तासात काळा चढतो तो बऱ्याचदा पीपीडी नावाच्या हेअर डायच्या केमिकलचा, आणि त्यानं फोड येतात. लिंबाचा रस थेट तोंडाला लावून उन्हात जाऊ नका, ऊन आणि लिंबू मिळून कातडी भाजते, डाग महिनोनमहिने राहतात. आणि मिरचीपूड रंगाला छान आहे हे मला कुणी सांगू नका.

विकतच्या डबीवर काय बघायचं

मागं बारीक अक्षरात सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगांची यादी) आणि पुढं पाच आकडी नंबर असतो. ७५ नं सुरू होणारे नैसर्गिक, म्हणजे ७५३०० कुरकुमीन, ७५१२० शेंद्री, ७५४७० कार्माइन. ७७ नं सुरू होणारे खनिज, ७७४९१ लाल आयर्न ऑक्साइड, ७७८९१ टायटॅनियम डायऑक्साइड. शाकाहारी माणसांनी ७५४७० पाठ करून ठेवा, तो नैसर्गिकच आहे पण निवडुंगावरच्या कोशिनील किड्यांपासून काढतात. म्हणजे वर नॅचरल लिहिलंय ते खोटं नसतं, फक्त माळकरी माणसाला ते चालेल का हे ज्याचं त्यानं बघायचं.

शेवटची कामं

काहीही नवीन केलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ४८ तास थांबा, घरचंच आहे म्हणून सोडू नका, हळदीची ॲलर्जी असणारी माणसं आहेत. खाज, लाली, पुरळ काही आलं तर धुवा आणि विषय संपवा. डब्यावर काय घातलं आणि कधी केलं ते लिहा, तेला-मेणाचा बाम तीन-चार महिने, त्याच्या आधीच जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर टाकून द्या. उन्हाळ्यात माठाजवळच्या सावलीत ठेवलं तरी चालतं, गाडीच्या डिकीत नको.

आणि बचत गटातल्या ताया विचारतात की विकू का. घरी वापरायला, मैत्रिणीला द्यायला कुणी अडवत नाही, पण विकायचं म्हटलं की सौंदर्यप्रसाधन नियम २०२० लागू होतात, अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचं लायसन्स घ्यावं लागतं, जागा आणि जाणकार माणूस दाखवावा लागतो. रंगात शिसं दहा लाखात २० भाग आणि आर्सेनिक २ भाग याच्या वर चालत नाही, ते तपासून घ्यावं लागतं. स्वतःचं लायसन्स नको असेल तर ज्यांच्याकडं आहे अशा युनिटकडून आपल्या नावानं बनवून घेता येतं, किंवा मग सरळ वाळवलेल्या करडईच्या पाकळ्या आणि हळकुंडं विका, ते बनवणारे बघत बसतील पुढचं.